मुंबईत बांधलेली 'सुहैली' आणि जुनी बोट वाचायची पद्धत

कोल्हापूरला समुद्र नाही. (१८१२ च्या तहापर्यंत मालवण करवीर राज्याकडे होतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) तरी आजचा लेख एका शिडाच्या बोटीवर आहे, आणि तो लिहायचं कारण शिरोली एमआयडीसीत आहे.

माझं पीएच.डी.चं काम ओतीव लोखंडाच्या गंजण्यावर आहे. नमुने शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून येतात. पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेल्या या भागात ट्रॅक्टर, मोटारी, पंप यांची कास्टिंग्ज ओतली जातात, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. पण खाऱ्या पाण्यात हेच लोखंड कसं वागतं याबद्दल वाचायला लागल्यावर एक गोष्ट सतत समोर येत राहिली: जुन्या, लहान शिडाच्या बोटी. अशा बोटीच्या तळाला वजनासाठी एक जड कील बसवलेला असतो, म्हणजे नावेच्या कण्याखालचं वजन. वाऱ्याने बोट कलली की हे वजन तिला परत सरळ करतं. लहान कौटुंबिक बोटींत हा कील पुष्कळदा ओतीव लोखंडाचाच असतो. म्हणजे शेवटी तेही एक कास्टिंगच!

तिथून मी जुन्या बोटी विकत घेणं, तपासणं आणि पुन्हा उभ्या करणं या जगात शिरले. आणि लक्षात आलं की जुनी बोट तपासणारा माणूस जे करतो, तेच आपण संशोधनात करायला शिकत असतो. म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी हा लेख. उदाहरण घेतलंय एका बोटीचं, जी मुंबईत जन्मली आणि आजही हयात आहे.

बोट कुठून आली?

कुठल्याही वस्तूचा अभ्यास करताना पहिला प्रश्न हाच असतो.

'सुहैली' ही सुमारे ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची बोट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही बोट मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात बांधून घेतली. लाकूड सागवान. हत्यारं मुख्यतः हाताची: वाकस, दोरीने फिरवायचा सामता. आराखडा मात्र इथला नव्हता. अमेरिकेतल्या विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात काढलेला 'एरिक' नावाचा आराखडा होता तो, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचाव-नौकांमध्ये. नाव अरबी खलाशांच्या बोलीतलं. आखातातल्या आग्नेयेकडच्या वाऱ्याला ते सुहैली म्हणतात.

म्हणजे बघा, नॉर्वेचा आकार, अमेरिकन नकाशा, सागवान, मुंबईचे सुतार, अरबी नाव आणि इंग्रज मालक. तिला 'ब्रिटिश बोट' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मग मुंबईने काय दिलं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आणि मुंबईने जे दिलं ते अचानक आलेलं नव्हतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशेच्या आसपास वर्षं इथे जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं, मलबारच्या सागाचं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. तिथे १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली होती. वाडियांची गोदी आणि कुलाब्याचा कारखाना यांत मी थेट नातं जोडत नाहीये. सांगायचं इतकंच की सागाची बोट बांधणं हे या शहराला परकं नव्हतं.

१९६५ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन मुंबईहून 'सुहैली' घेऊन निघाला. वाटेत पैसे संपले, दक्षिण आफ्रिकेत थांबावं लागलं. इंग्लंडला पोचायला १९६७ उजाडलं. पुढच्या वर्षी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर झाली. त्याच्या डोक्यात खरं तर नवी, मोठी, पोलादी बोट होती. पैसे जमले नाहीत. म्हणून हीच आपली जुनी बोट घेऊन तो १४ जून १९६८ ला फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तिथेच परत आला. नऊ जण निघाले होते. प्रदक्षिणा पूर्ण करून परत आलेला हा एकटा.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. आपल्याला रस आहे तो बोट कुठे कुठे दुखली यात.

पाणी आत येतं ते जोडातून

निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत बोटीत पाणी यायला लागलं. पंप मारून उपसावं लागत होतं. केप व्हर्दे बेटांच्या आसपास तो पाण्यात उतरला आणि बोटीखाली जाऊन बघितलं. मोठ्या डोलकाठीच्या खालच्या बाजूला, कण्याला लागून असलेल्या फळीच्या जोडात फट पडली होती. एका बाजूला नाही, दोन्ही बाजूंना. त्याने पाण्याखाली श्वास रोखून त्या फटीत कापूस ठासला, वरून डांबर लावलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली, आणि त्यावर तांब्याचा पत्रा. मधे एक शार्क घिरट्या घालत होता, त्याला गोळी घालावी लागली.

शार्कचा भाग गोष्ट सांगायला छान आहे. संशोधकाने बघायचं ते जागेकडे. फळी फुटली नव्हती, कणा मोडला नव्हता. दोन्ही भक्कम होते. गेला तो दोघांमधला जोड. आणि तो जोड तिथेच का गेला? कारण डोलकाठीचा सगळा दाब खाली कण्यावर येतो आणि दोन्ही बाजूंच्या ताणदोऱ्या बोटीच्या कडा वर ओढतात. वारा बदलला की हा खेळ उलटसुलट होतो. सगळ्यात जास्त हालचाल होते ती कणा आणि पहिली फळी भेटतात तिथे. फट दोन्ही बाजूंना सारखीच पडणं हा त्याचा पुरावा. फळी खराब निघाली असती तर दोष एकाच बाजूला दिसला असता.

पुढे दक्षिण महासागरात एका लाटेने बोट आडवी केली. तेव्हाही केबिन फुटली नाही. ती डेकला जिथे जोडलेली होती तिथे हलली. पुन्हा जोडच.

शिरोलीत कास्टिंग रिजेक्ट होतं तेव्हाही मंडळी आधी हेच बघतात. जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तो कोपरा, कोअर जिथे बसतो ती जागा. दोष सपाट मधोमध कमी, बदलाच्या रेषेवर जास्त. हे वाक्य लिहून ठेवा, लेखाच्या शेवटी लागेल.

साग चांगला, लोखंड चांगलं, मग बिघडतं काय?

लाकडी बोटीत फळ्या बरगड्यांना खिळ्यांनी किंवा बोल्टांनी धरलेल्या असतात. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे तो कुजायला आणि किड्याला दाद देत नाही. ओकसारख्या लाकडात टॅनिक आम्ल भरपूर, त्यात लोखंडी खिळा लवकर खराब होतो आणि भोवती काळा डाग पडतो. सागात तो तुलनेने जास्त टिकतो. पण 'जास्त टिकतो' म्हणजे कायमचा नाही.

खाऱ्या पाण्यात लोखंडाच्या एका भागातून लोह विरघळत जातं, तर दुसऱ्या भागाजवळ ऑक्सिजन आणि पाणी मिळून अल्कली तयार होते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे खिळा फुगून आजूबाजूचं लाकूड ताणतो. दुसरीकडे ती अल्कली लाकडाचे धागे एकत्र धरणाऱ्या लिग्निनवर हल्ला करते. लाकूड भुसभुशीत होतं. म्हणजे खिळा लाकडाला आणि लाकूड खिळ्याला असं दोघं एकमेकांना खातात. बाहेरून? रंगाखाली सगळं ठीक. फार तर एक तांबूस ओघळ.

मग अनेक जण म्हणतील, लोखंड काढा आणि ब्राँझ घाला. बरोबर आहे, जुन्या बोटींच्या दुरुस्तीत तसं करतातही. पण अर्धे खिळे ब्राँझचे आणि शेजारी अर्धे लोखंडी ठेवले, तर ओल्या खाऱ्या लाकडात दोन वेगळ्या धातूंची बॅटरी तयार होते आणि उरलेलं लोखंड आणखी वेगाने जातं. म्हणजे अर्धवट सुधारणा मूळ दोषापेक्षा महाग पडू शकते. दुरुस्ती करणाऱ्याला सुरुवातीलाच ठरवावं लागतं: एका धातूवर राहायचं, की पूर्ण बदलायचं.

आवाजावरून ओळख

आता माझ्या विषयाकडे येते. ग्रे आयर्नमध्ये वजनाने साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात. समुद्राच्या पाण्यात लोह विरघळतं, ग्रॅफाइट विरघळत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं की लोह निघून जातं आणि मागे ग्रॅफाइट व गंज यांचा सांगाडा उरतो. गंमत म्हणजे वस्तूचा आकार तसाच राहतो. मोजमाप घेतलं तर बरोबर भरतं. पण सुरीने खरवडलं तर पेन्सिलीच्या शिशासारखं निघतं. याला ग्रॅफाइटिक गंज म्हणतात. आकार शाबूत आहे म्हणजे ताकद शाबूत आहे, हे गृहीत धरणाऱ्याला ओतीव लोखंड चांगलाच धडा शिकवतं.

मग जुनी बोट घेणारा हे ओळखतो कसं? बोट पाण्याबाहेर काढायची आणि ठोकून बघायची. तपासनीस लहान हातोडीने तळ फळी-फळीने वाजवत जातो. चांगल्या भागाचा आवाज भरीव, खणखणीत. कुजलेल्या किंवा सुटलेल्या भागाचा बद्द. शिरोलीत ज्यांनी एसजी आयर्नचं कास्टिंग वाजवून बघितलंय त्यांना हे समजावायला नको. एसजी घंटेसारखं वाजतं, ग्रे आयर्नचा आवाज लवकर विरतो, तडा असेल तर आणखीच वेगळं. यंत्रं आहेतच, लाकडातली ओल मोजायचं मीटर आहे, अल्ट्रासॉनिक आहे. पण यंत्र कुठे लावायचं हे कान सांगतो.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. कील ज्या बोल्टांनी कण्याला धरलेला असतो, त्यातला एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघतात. वरचा नट चकचकीत असतो, खालचं डोकंही ठीक. बोल्ट बाहेर आला की कळतं, मधोमध, लाकूड आणि कील भेटतात त्या रेषेवर, तो कमरेसारखा बारीक झालाय. पाणी तिथेच साचतं, ऑक्सिजन तिथे कमी-जास्त होतो आणि धातू तिथेच झिजतो. दोन्ही टोकं बघून निष्कर्ष काढणाऱ्याची बोट समुद्रात कील गमावू शकते.

ही एक प्रकारे विध्वंसक चाचणी आहे. लॉटमधलं एक कास्टिंग कापून बघतात, तशी. एक बोल्ट बळी द्यायचा आणि बाकीच्यांबद्दल जाणून घ्यायचं. कोणता बोल्ट काढायचा, हा नमुना-निवडीचा प्रश्न. सोपा निघणारा काढला तर बहुधा तोच सगळ्यात चांगल्या स्थितीतला असतो! सर्व्हेच्या विषयात काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. सहज भेटणारे उत्तरदाते घेतले की आपणही हेच करतो.

संग्रहालयात काय झालं

१९९७ मध्ये 'सुहैली' ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ठेवली गेली. छप्पर, नियंत्रित तापमान, नियंत्रित आर्द्रता. लाटा नाहीत, खारं पाणी नाही, गंज नाही. तिचं आयुष्य आता सुरक्षित, असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्या नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या. २००२ मध्ये तिला तिथून बाहेर काढून दुरुस्त करायला घेतलं.

हे का होतं ते आपण कागदावर करून बघू. लाकडात साधारण २८ टक्क्यांपर्यंत ओल पेशींच्या भिंतीत असते. त्याखाली ओल उतरू लागली की लाकूड आकसतं. साग पूर्ण ओला ते पूर्ण कोरडा होताना वर्तुळाच्या रेषेत सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या रेषेत सुमारे २.५ टक्के आकसतो. लांबीत जवळजवळ नाहीच. समजा, पाण्यातल्या बोटीच्या फळीत १९ टक्के ओल आहे आणि बंदिस्त कोरड्या दालनात ती ९ टक्क्यांवर आली. फरक १० टक्क्यांचा.

५.८ × (१० ÷ २८) = सुमारे २.१ टक्के.

फळी १५ सेंटीमीटर रुंद धरली तर ती सुमारे ३ मिलिमीटर अरुंद होईल. फळी त्रिज्येच्या रेषेत कापलेली असेल तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. आकडे मी गृहीत धरलेत, 'सुहैली'वर मोजलेले नाहीत. पण प्रमाण लक्षात येतं. ३ मिलिमीटर ऐकायला किरकोळ आहे. आता अशा दहा फळ्या एकाखाली एक लावा: एका बाजूला ३ सेंटीमीटर. आणि त्या फळ्या मोकळ्या नाहीत, बरगड्यांना खिळलेल्या आहेत. आकसायला जागा नाही. मग जोड उघडतात, नाहीतर फळी चिरते.

सागवानी दाराचा उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला फरक आठवा. तोच नियम.

इथे संग्रहालयाला दोष देणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. लोखंडाच्या दृष्टीने कोरडी हवा उत्तमच. कागद, कापड, पितळी उपकरणं यांच्यासाठीही तीच बरी. पण लाकडी बोट ही पाण्याच्या दाबाखाली आणि ओलीखाली घट्ट राहण्यासाठी बनवलेली रचना आहे. पाणी तिचा शत्रूही आणि तिच्या रचनेचा एक भागही. पाण्यातून काढलेली बोट म्हणजे एक भाग काढून घेतलेली बोट. एकाच वस्तूत खिळ्याला कोरडं हवं आणि फळीला ओल हवी, हा पेच आहे. जतन करणाऱ्याला त्यातून निवड करावीच लागते, आणि कोणतीही निवड फुकट नसते.

यातून मला एक व्याख्या मिळाली. 'जपणं' म्हणजे वस्तूला त्रासातून बाहेर काढणं असं आपण समजतो. पण वस्तू कोणत्या परिस्थितीसाठी घडली होती, हे आधी विचारायला हवं. पोवाडा ध्वनिमुद्रित करून ठेवला म्हणजे पोवाडा जपला का? बोलीचा शब्दकोश केला म्हणजे बोली जपली का? उत्तर 'नाही' असंच असेल असं नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किती बदललं तरी ती तीच?

दुरुस्तीनंतर 'सुहैली' पुन्हा पाण्यात आली. जून २०१८ मध्ये पहिल्या प्रदक्षिणेला पन्नास वर्षं झाली तेव्हा ती फालमथच्या पाण्यात हजर होती.

इथे विद्यार्थी नेहमी विचारतात: खिळे बदलले, शिडं बदलली, फळ्या बदलल्या, तर ती मूळ बोट कशी? याला तत्त्वज्ञानातलं उत्तर शोधत बसण्यापेक्षा कामाचं उत्तर सांगते. 'मूळ' हा शब्द कोणत्या प्रश्नासाठी वापरताय ते ठरवा. सुतारांनी वाकस कसा चालवला हे शोधायचं असेल तर मूळ फळी लागेल, बदललेली उपयोगाची नाही. बोट लाटेवर कशी वागते हे शोधायचं असेल तर आकार आणि वजन मूळ हवं, खिळा कोणत्या धातूचा याने फरक पडत नाही. एकच वस्तू एका प्रश्नासाठी मूळ असते आणि दुसऱ्यासाठी नसते.

म्हणून चांगला दुरुस्ती करणारा काय बदललं, कधी बदललं, का बदललं याची वही ठेवतो. शिरोलीत प्रत्येक चांगल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. सहा महिन्यांनी तक्रार आली तरी कोणत्या दिवशीचं, कोणत्या भट्टीचं, त्यात काय पडलं होतं हे शोधता येतं. जुनी बोट विकत घेताना सगळ्यात किमती वस्तू बहुतेक वेळा हीच वही असते. ती नसेल तर आधीच्या मालकाने रंगाखाली काय लपवलंय हे पैसे मोजून शोधावं लागतं. तुमची प्रयोगवही ही तुमच्या नंतर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तीच वही आहे.

आणि आणखी एक. या बोटीबद्दल वाचताना 'मुंबईत बांधली गेली' हे वाक्य सारखं भेटतं. कर्मणी प्रयोग. कर्ता कुठे गेला? प्रदक्षिणा 'केली गेली' असं कुणी लिहीत नाही, तिथे नाव असतं. ज्या सुतारांनी हातहत्याराने फळ्या बसवल्या आणि ज्यांच्या कामावर ३१२ दिवस एका माणसाचा जीव तरला, ते वाक्यातून नाहीसे होतात. ऐतिहासिक साधनं वाचताना 'केलं गेलं', 'बांधण्यात आलं' दिसलं की पेन्सिलीने खूण करा. पुष्कळदा तिथेच तुमचा शोधनिबंध असतो.

गोव्यात पुढचा टप्पा

मुंबईच्या या बोटीचा धागा पुन्हा आपल्याकडे येतो. नौदलातले दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. तयारीच्या काळात ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले होते. 'म्हादेई' बांधली गोव्याच्या रत्नाकर दांडेकर यांनी. नावात नदी गोव्याची. याच बोटीवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

मग २०१८ मध्ये, पन्नास वर्षांच्या निमित्ताने, गोल्डन ग्लोब शर्यत जुन्या पद्धतीने पुन्हा घेतली गेली. नियम वाचण्यासारखे आहेत: बोट ३२ ते ३६ फूट, आराखडा १९८८ च्या आधीचा, कील लांब, आणि एका साच्यातून निदान वीस बोटी निघालेल्या असाव्यात. म्हणजे थोडक्यात कौटुंबिक सफरीसाठी बनलेल्या जुन्या फायबरग्लास बोटी. बहुतेक स्पर्धकांनी अशा बोटी विकत घेतल्या, खरवडून काढल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. 'सुहैली'च्या प्रतिकृतीला वेगळी मुभा होती. टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी गोव्यात ती प्रतिकृती बांधली, 'थुरिया'. २०१७ मध्ये ती पाण्यात उतरली. २१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागरात वादळाने 'थुरिया' उलटवली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. तिसऱ्या दिवशी फ्रेंच मासेमारी-गस्त जहाज 'ओसिरिस'ने त्यांना वाचवलं. २०२२ च्या शर्यतीत ते 'बायानात' घेऊन उतरले, ती रस्लर ३६ जातीची फायबरग्लास बोट. २९ एप्रिल २०२३ ला दुसरा क्रमांक.

फायबरग्लास म्हणजे गंज नाही, कूज नाही, असं वाटेल. पण जोड तिथेही आहेच. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा हा जोड. बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी रेणू-रेणूने आत झिरपतं, रेझिनमधले न जुळलेले घटक विरघळवतं, एस्टरचे बंध तोडतं. आत तयार झालेलं दाट द्रावण आणखी पाणी ओढतं. दाब वाढतो, फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. उपाय म्हणजे बाहेरचा थर सोलायचा, धुवायचं, कित्येक आठवडे वाळवायचं आणि मग इपॉक्सी. घाई करून ओल्यावरच थर दिला तर ओल आतच कोंडली जाते. शिरोलीत ओलसर कोअर साच्यात ठेवून धातू ओतला की ब्लो होल येतात, त्याचीच आठवण होते.

तुमच्या कामासाठी

आता ते लिहून ठेवलेलं वाक्य काढा: दोष सपाट मधोमध कमी, बदलाच्या रेषेवर जास्त.

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा फळीच्या मधोमध बघत असतो. भरपूर काम झालेली, गुळगुळीत जागा. त्याऐवजी जोड बघा. दोन सिद्धांत एकमेकांना भेटतात ती जागा, प्रयोगशाळेतली चाचणी आणि शॉपफ्लोअर यांच्यामधली जागा, दफ्तरातली नोंद आणि लोकांची आठवण यांच्यामधली जागा.

आणि एखादा जुना प्रश्न हाती घेण्याआधी बोट घेणारा माणूस जे विचारतो तेच विचारा. मूळ बांधणी कोणाची? आधीच्या मालकांनी काय बदललं, आणि त्याची वही आहे का? सगळीकडे वाजवून बघितलं का, की फक्त चकचकीत टोकं बघितली? निदान एक बोल्ट काढून बघितला का? आणि हे पूर्ण करायला मी अर्धेच खिळे बदलून थांबणार नाही ना?

शेवटचा प्रश्न सिनॉप्सिस लिहिण्याआधी विचारा. नंतर विचारलात तर तो गाईड विचारतात, आणि तेव्हा बोट पाण्यात असते.